माशांपुढे बोललेला पाद्री

गेल्या अंकात एका वाचकाने विचारलं होतं, की कीर्तनासारखं उभं राहून लोकांना सांगणं इतर धर्मांत आहे का. उत्तरात मी आंतोनिओ व्हिएरा या सतराव्या शतकातल्या पोर्तुगीज कॅथलिक पाद्र्याचं नाव घेतलं. समोरचे लोक ऐकेनात म्हणून त्यांनी माशांना उद्देशून प्रवचन केलं, एवढंच लिहून पुढे गेले. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की हा अंक त्यांनाच देते. व्हिएरांना मी इंग्रजी भाषांतरांतून वाचते, आणि कीर्तनाला उभी राहते ती सांगलीच्या गावभागात, हरिपुरात, मिरजेत. त्यामुळे उत्तरांत दोन्हीकडचं येणार.

प्रश्न : ताई, हे व्हिएरा कोण? त्यांचं चरित्र जरा सविस्तर सांगाल का? आमच्या पाठ्यपुस्तकांत पोर्तुगीज म्हणजे गोवा आणि वसई एवढंच भेटलं. (निवृत्त शिक्षिका, मिरज)

बाई, १६०८ हे साल आपल्याकडच्या माणसाला लक्षात ठेवायला सोपं आहे. त्या चैत्रात जांबेला समर्थ रामदास जन्मले. त्याच्या थोडं आधी, ६ फेब्रुवारीला, लिस्बन शहरात व्हिएरा जन्मले. वडील सरकारी कारकून. त्यांची नेमणूक ब्राझीलमध्ये साल्वादोरला झाली आणि सहा वर्षांचा आंतोनिओ अटलांटिक ओलांडून तिकडे गेला. साल्वादोर ही तेव्हा पोर्तुगीज ब्राझीलची राजधानी, बाहिया प्रांतातलं बंदर. ऊस, साखर आणि आफ्रिकेतून आणलेले गुलाम यांच्यावर ते गाव उभं होतं. हे पुढे एका प्रश्नात पुन्हा येईल, म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

शाळा जेझुइटांची, म्हणजे येशूसंघाच्या पाद्र्यांची. दंतकथा अशी की पोरगा आधी मंद होता. एकदा मारियामातेपुढे प्रार्थना करताना डोक्यात काहीतरी कडाडकन तुटल्यासारखं झालं आणि तेव्हापासून बुद्धी खुलली. आपल्या महिपतीबुवांनी ही गोष्ट आनंदाने ओव्यांत घातली असती. पुढचं मात्र कागदोपत्री आहे. पंधराव्या वर्षी हा मुलगा घर सोडून येशूसंघात दाखल झाला. पुढच्याच वर्षी, १६२४ मध्ये, डचांनी साल्वादोर जिंकलं आणि लोक रानात पळाले. वर्षभराने शहर परत मिळालं. त्या सगळ्या धामधुमीचा वृत्तांत रोमला लॅटिनमध्ये लिहून पाठवायचं काम संघाने या अठरा वर्षांच्या पोरावर सोपवलं. पाद्री म्हणून दीक्षा झाली १६३४ मध्ये.

१६४० साली डच पुन्हा साल्वादोरवर चालून आले. चर्चमध्ये प्रार्थना चालू होत्या. व्हिएरा प्रवचनाला उभे राहिले आणि लोकांना सोडून देवाशीच भांडायला लागले. 'ऊठ प्रभू, झोपलास का' हे बायबलच्या स्तोत्रातलं वचन धरलं आणि देवापुढे हिशेब मांडला. हा मुलूख आम्ही तुझ्या नावाने वसवला, तो आता तुझ्या मूर्ती फोडणाऱ्यांना देणार असशील तर दे. मग बघ, नाताळ येईल आणि तुझ्या जन्माची कुणाला आठवण राहणार नाही, देवळांत रानासारखं गवत वाढेल. बायबलातल्या दुःखी ईयोबाचं वचनही त्यांनी वापरलं : सकाळी तू मला शोधशील तेव्हा मी नसेन. जनाबाईने विठोबाची काढलेली खरडपट्टी ज्यांना पाठ आहे, त्यांना हा सूर परका वाटणार नाही. मला तर तो भाग वाचताना पायात चाळ बांधल्यासारखं झालं.

त्याच वर्षाअखेरीस पोर्तुगाल स्पेनच्या राज्यातून फुटून निघालं आणि चौथा जुआंव राजा झाला. व्हिएरा १६४१ मध्ये लिस्बनला गेले आणि राजाचे आवडते प्रवचनकार झाले. राजाने त्यांना पॅरिस, हेग, रोमला बोलणी करायला पाठवलं. राजाला त्यांनी एक सल्ला दिला, जो पुढे त्यांच्या अंगाशी आला. जबरदस्तीने बाटवलेल्या ज्यूंचे वंशज, ज्यांना तिथे 'नवे ख्रिस्ती' म्हणत, त्यांना छळू नका. त्यांचा पैसा व्यापारात येऊ द्या, असं त्यांचं म्हणणं. १६४९ मध्ये ब्राझीलच्या व्यापारासाठी कंपनी निघाली ती याच विचारातून. इन्क्विझिशन म्हणजे धर्मद्रोह शोधून शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय. त्याचं पोट याच नव्या ख्रिस्त्यांच्या जप्त मालमत्तेवर भरत होतं. ते हे कसं विसरणार?

१६५३ ते १६६१ व्हिएरा पुन्हा ब्राझीलमध्ये, या खेपेला उत्तरेला मारान्याव आणि ॲमेझॉनच्या मुलखात, मूळ रहिवाशांमध्ये. त्याबद्दल पुढच्या उत्तरात. तिथल्या गोऱ्या वसाहतवाल्यांनी त्यांना १६६१ मध्ये जहाजात घालून हाकलून दिलं. राजा तोवर वारला होता, पाठराखण करणारं कुणी उरलं नव्हतं. मेलेला राजा पुन्हा उठेल असं एका जुन्या मोच्याच्या भविष्यपर पद्यांवरून त्यांनी लिहिलं होतं. तेवढं निमित्त धरून इन्क्विझिशनने त्यांना कोइंब्रा इथे १६६५ ते १६६७ कोठडीत ठेवलं आणि शेवटी प्रवचन करायची बंदी घातली. बाई, प्रवचनकाराला याहून मोठी शिक्षा कोणती? बंदी उठली ती पुढच्या वर्षी.

१६६९ मध्ये ते रोमला गेले आणि इटालियन शिकून इटालियनमध्ये बोलायला लागले. स्वीडनचं सिंहासन सोडून कॅथलिक झालेली राणी क्रिस्टिना तिथे राहत होती. तिच्या महालात एक वाद रंगला : हे जग हसण्याच्या लायकीचं की रडण्याच्या? दुसऱ्या एका जेझुइटाने हसण्याची बाजू घेतली, व्हिएरांनी अश्रूंची. १६७४ मध्ये पोपने पोर्तुगीज इन्क्विझिशनचं काम काही वर्षांसाठी थांबवलं. पुढच्या वर्षी व्हिएरांना एक आज्ञापत्र मिळालं, की पोर्तुगालच्या इन्क्विझिशनला त्यांच्यावर हात टाकता येणार नाही. ते घेऊन ते घरी परतले. १६८१ मध्ये साल्वादोरला गेले, आयुष्यभराची प्रवचनं छापण्यासाठी नीट करत बसले, आणि १८ जुलै १६९७ रोजी तिथेच वारले. वय एकोणनव्वद.

प्रश्न : माशांपुढे बोलले म्हणजे खरंच नदीवर जाऊन बोलले का? आणि काय बोलले? आम्ही कृष्णेकाठचे. इथे मासे मेलेले तरंगले तरच लोकांना त्यांची आठवण होते. (वाचक, हरिपूर)

नाही, नदीवर नाही. चर्चमध्ये, माणसांसमोर उभं राहून. पण सगळं बोलणं 'माशांनो' असं म्हणून.

तारीख १३ जून १६५४, गाव साओ लुईस, मारान्यावचं मुख्य ठाणं. १३ जून हा संत अँथनीचा सण. अँथनी मूळचे लिस्बनचे. त्यांची कथा अशी, की रिमिनी गावात लोक त्यांचं ऐकेनात, तेव्हा ते समुद्रकाठी गेले आणि माशांना हाक मारली. मासे डोकी वर काढून ओळीने उभे राहिले. व्हिएरांनी हीच कथा धरली. मी या गावात सकाळ-संध्याकाळ बोललो, कुणी ऐकलं नाही, तेव्हा आज संताचं अनुकरण करतो आणि माशांशी बोलतो, अशी सुरुवात.

लोक का ऐकत नव्हते? मारान्यावचे गोरे लोक रानात शिरून तिथल्या मूळ रहिवाशांना पकडून आणत आणि तंबाखूच्या, उसाच्या शेतांवर राबवत. नाव द्यायचे 'न्याय्य युद्धातले कैदी' किंवा 'नरभक्षकांकडून सोडवून आणलेले'. त्याआधीच्या वर्षी, १६५३ च्या उपवासकाळात, व्हिएरांनी त्याच गावात सरळ सांगितलं होतं, की ज्यांच्या घरी असे बांधलेले लोक आहेत ते सगळे महापापात आहेत आणि नरकाच्या वाटेवर आहेत. दुसऱ्याच्या रक्तावर जगण्यापेक्षा आपल्या घामावर जगा. प्रवचनाला बसलेल्यांत असा एकही घरमालक नसेल ज्याच्या अंगणात असा माणूस नव्हता. नंतर गावाने कान बंद केले. म्हणून मासे.

आधी माशांचं कौतुक. देवाने आधी तुम्हाला घडवलं. तुम्ही ऐकता आणि बोलत नाही, हा श्रोत्याचा केवढा गुण! मग एकेक मासा. जहाजाला चिकटून ते अडवणारा एक. गळ गिळल्यावर दोरीतून झटका पाठवून कोळ्याचा हात थरथरवणारा दुसरा. हे वाचताना व्हिएरांचा हेतू कळतो : पाप गिळणाऱ्यांचे हात इथे कधी थरथरणार?

मग निंदा. पहिला दोष हा, की तुम्ही एकमेकांना खाता, आणि मोठे लहानांना खातात. उलट असतं तरी एक मोठा मासा पुष्कळ लहानांना पुरला असता. पण मोठेच लहानांना खातात, म्हणून एका मोठ्याला हजार लहान पुरत नाहीत. मत्स्यन्याय आपल्याकडे कौटिल्याने राजाला सांगितला. व्हिएरांनी तो मोठ्या माशांच्या तोंडावर सांगितला.

पुढे ते माशांना म्हणतात, रानाकडे बघू नका, तिथले लोक माणसं खातात म्हणतात. इकडे शहराकडे बघा. एक माणूस मेला, की त्याला कोण कोण खातं ते बघा. वारस खातात, घेणेकरी खातात, बरं न करू शकलेला वैद्य खातो, उपचार म्हणून रक्त काढणारा खातो, नाइलाजाने घरातली सर्वांत जुनी चादर कफनाला काढून देणारी बायको खाते, खड्डा खणणारा, घंटा वाजवणारा, गाणी म्हणत स्मशानात नेणारे, सगळे खातात. मातीने खाण्याआधी सगळ्या गावाने त्याला खाल्लेलं असतं. आणि जिवंत माणूस खटल्यात सापडला तर बेलीफ, तुरुंगाधिकारी, कारकून, वकील, साक्षीदार, न्यायाधीश. कावळेसुद्धा फाशी झालेल्याला फाशीनंतर खातात. खटल्यातल्या माणसाला तर शिक्षा होण्याआधीच खाऊन झालेलं असतं. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असं सांगणाऱ्या आपल्या माणसांना हा भाग सुद्धा ओळखीचा वाटेल. मी हा भाग एकदा मोठ्याने वाचला तेव्हा घरातल्या वकिलांनीच जास्त दाद दिली.

शेवटी ऑक्टोपस. वरून डोक्यावर साधूची टोपी घेतल्यासारखा, अंगात हाड नाही असा मऊ, आणि रंग बदलून दगडाशी दगड होणारा. बेसावध मासा जवळ येतो आणि तो मिठी मारतो. व्हिएरा म्हणतात, दगा देणाऱ्या यहूदाने ख्रिस्ताला मिठी मारली, पण बांधलं दुसऱ्यांनी. हा मिठीही मारतो आणि बांधतोही.

प्रवचनानंतर तीन दिवसांनी व्हिएरा कुणाला न सांगता जहाजात बसले आणि लिस्बनला निघाले, राजाकडून या लोकांसाठी कायदा आणायला. अझोर बेटांजवळ वादळात जहाज कलंडलं, तरी पोचले. १६५५ मध्ये कायदा घेऊन परत आले : मूळ रहिवाशांची गावं येशूसंघाच्या देखरेखीखाली राहतील. सहा वर्षांनी हाकलले गेले ते याच कायद्यामुळे. तुमच्या प्रश्नातला कृष्णेतल्या माशांचा उल्लेख मला लागला. मी तो हरिपूरच्या कीर्तनात उचलणार आहे. परवानगी आहे असं धरते.

प्रश्न : ते गोव्याला आले होते का? आपल्या फादर स्टीफन्सशी काही संबंध? (वाचक, सातारा)

आले नाहीत. स्टीफन्स त्याच येशूसंघाचे, इंग्लंडहून गोव्याला १५७९ मध्ये आलेले. त्यांचं मराठी 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये छापलं गेलं तेव्हा व्हिएरा आठ वर्षांचे होते, जगाच्या दुसऱ्या टोकाला.

पण भारताची गाठ दुसऱ्या ठिकाणी पडते. १६५५ मध्ये लिस्बनच्या एका चर्चमध्ये व्हिएरांनी ख्रिस्ताबरोबर क्रुसावर चढलेल्या पश्चात्तापी चोरावर प्रवचन केलं. दरिद्री चोराला सोडून त्यांनी धरलं ते मोठ्या चोरांना, राजाने सनद देऊन पाठवलेल्या सुभेदारांना. तिथे ते फ्रान्सिस झेवियरांनी राजाला पाठवलेल्या पत्राचा दाखला देतात : भारतात 'लुटणे' हे क्रियापद सगळ्या रूपांत चालवलं जातं. आणि मग व्हिएरा स्वतः ते चालवून दाखवतात. आज्ञार्थी लुटतात, कारण हुकूम त्यांचाच. विध्यर्थी लुटतात, कारण जे आवडलं ते मागतात. वर्तमानात लुटतात कारण त्यांचा काळ चालू आहे, आणि भूत-भविष्यातही, जुनी येणी वसूल करून आणि पुढची आगाऊ घेऊन. ज्याने संस्कृतच्या तासाला लकार घोकले आहेत त्याला या जागी टाळी वाजवावीशी वाटेल. हे प्रवचन राजाच्या चॅपेलमध्ये व्हायला हवं होतं, असं त्यांनी तिथेच बोलून टाकलं.

प्रश्न : मी नारदीय कीर्तन शिकतो आहे. व्हिएरांकडून आमच्यासारख्यांनी तंत्र म्हणून काय घ्यावं? (विद्यार्थी, वाई)

बाळा, एकच प्रवचन वाच : १६५५ मध्ये लिस्बनच्या राजाच्या चॅपेलमध्ये केलेलं, बायबलातल्या पेरणाऱ्याच्या दाखल्यावरचं. १६७९ मध्ये प्रवचनांचा पहिला खंड छापताना त्यांनी तेच सर्वांत पुढे ठेवलं, प्रस्तावनेसारखं.

प्रश्न असा, की इतकी प्रवचनं होतात, तर पीक का येत नाही? माणसाला स्वतःला बघायला तीन गोष्टी लागतात, डोळे, आरसा आणि उजेड. उजेड देवाचा, त्यात खोट नाही. डोळे श्रोत्याचे. आरसा प्रवचनकाराचा. तपासत तपासत ते दोष आरशावर आणतात, म्हणजे स्वतःच्या जातीवर, आणि त्या काळच्या नामांकित प्रवचनकारांवर. ते लोक शब्दांचा बुद्धिबळाचा पट मांडतात. एका घरात पांढरं आलं की शेजारी काळं यायलाच हवं. त्याऐवजी विषय एकच घ्या. झाडाला मूळ, खोड, फांद्या, पानं, फुलं, फळं असतात, पण झाड एकच. आणि कृतीशिवाय बोलणं म्हणजे गोळीशिवायची बंदूक. आवाज होतो, लागत कुणाला नाही.

पूर्वरंगाला हे नेमकं लागू आहे. एक अभंग घेतला तर त्याचंच निरूपण कर. मध्येच तीन श्लोक, दोन शेर आणि एक विनोद घातला की लोक खूश होतात, चांगले रंगले बुवा म्हणतात, आणि घरी जाईपर्यंत अभंग विसरतात. व्हिएरांच्या मते श्रोता उठताना प्रवचनकारावर खूश नसावा, स्वतःवर नाखूश असावा. समर्थांनी दासबोधात कीर्तनभक्तीचा समास लिहिला आहे, तोही या जोडीला ठेव. पाठांतराचा आग्रह तिथे आहे, आणि पाठांतराशिवाय हे काहीच जमत नाही.

एक गोष्ट मात्र मोकळेपणाने सांगते. जो पट व्हिएरा मोडायला सांगतात, त्याच पटावर ते स्वतः अप्रतिम खेळतात. त्यांची वाक्यं तोलून, जोड्या जुळवून रचलेली आहेत, तो त्या काळाचा थाटच होता. त्यांचा उपदेश घे. त्यांचा थाट उचलायला जाऊ नकोस.

प्रश्न : ताई, आम्ही उसाच्या पट्ट्यातले. हंगामात फडाफडावर कोयते, म्हणजे ऊसतोड मजूर, येतात, त्यांच्या कोप्या (झोपड्या) उभ्या राहतात, मुकादमाच्या उचलीपायी, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशांपायी, माणसं बांधलेली असतात. तुमच्या पाद्र्याच्या गावी साखर होती आणि गुलाम होते. त्यांच्याबद्दल तो काय बोलला? की तिथे तोंड शिवून बसला? (शेतकरी, वाळवा तालुका)

दादा, पत्रांत मला सर्वांत जास्त विचार करायला लावणारा प्रश्न तुमचा. गप्प बसले असते तर उत्तर सोपं झालं असतं. ते बोलले.

१६३३ साली, अजून दीक्षाही झाली नव्हती तेव्हा, बाहियातल्या एका साखरेच्या गुऱ्हाळावर काळ्या गुलामांच्या भक्तमंडळापुढे त्यांनी प्रवचन केलं. तिथलं गुऱ्हाळ तुम्हाला सांगायला नको. तोडलेला ऊस लगेच गाळावा लागतो, म्हणून हंगामात दिवसरात्र चरक चालू. झोपेने डुलणाऱ्या माणसाचा हात कांड्याबरोबर आत ओढला जायचा. तो तोडून माणूस वाचवायला चरकाजवळ कुऱ्हाड ठेवलेली असायची. पलीकडे चुलवाणं आणि उकळत्या काहिली. व्हिएरा त्याला गोड नरक म्हणतात. आणि त्या लोकांना म्हणतात, तुम्ही उपाशी, उघडे, जागे, चाबूक खाणारे. ख्रिस्ताला जे जे भोगावं लागलं ते सगळं तुमच्याकडे आहे. तुमचं राबणं म्हणजे त्याचा क्रूस. सोसलंत तर हुतात्म्याचं पुण्य आहे.

हे प्रवचन वाचताना माझे डोळे भरतात आणि लगेच राग येतो. भरतात, कारण ज्यांना सगळं गाव जनावर समजत होतं त्यांना हा माणूस ख्रिस्ताच्या शेजारी उभं करतो. राग येतो, कारण सोडून देण्याबद्दल तो बोलत नाही. मालकांच्या क्रूरपणाला त्यांनी पुढे झोडपलं, पण गुलामगिरी चूक आहे असं आफ्रिकेतून आणलेल्यांबाबत म्हटलं नाही. मूळ रहिवाशांना वाचवायचं तर मारान्यावात अंगोलातून गुलाम आणा, असा सल्लाही दिला. म्हातारपणी, १६९१ मध्ये, पळून गेलेल्या गुलामांनी पाल्मारेसच्या रानात वसवलेल्या वस्त्यांबद्दल त्यांचं मत विचारलं गेलं. त्यांनी लिहिलं, की त्यांना स्वतंत्र राहू दिलं तर बाकीचे गुलामही तीच वाट धरतील आणि ब्राझील बुडेल. आणि हे ज्याने लिहिलं, त्याच्या वडिलांची आई स्वतः मिश्र रक्ताची होती.

काळच तसा होता, असं म्हणून हे झाकता येईल. मी ते मान्य करत नाही. मारान्यावात त्यांनी हाच काळ ओलांडून दाखवला होता. बांधलेल्या माणसाला सोडा नाहीतर नरकात जाल, हे वाक्य त्यांना बोलता येत होतं. त्यांनी ते गोऱ्या मालकांच्या तोंडावर बोललं आणि त्यासाठी देशोधडीला लागले. साल्वादोरच्या साखरेपुढे तेच वाक्य घशात अडकलं. तिथली चर्चं, शाळा, येशूसंघाची स्वतःची गुऱ्हाळं, सगळं त्याच साखरेवर चालत होतं.

आता आपल्याकडे या. मोळीपूजनाला, गळीत सुरू होताना, जत्रेला मला कीर्तनाला बोलावतात. बिदागी कोण देतं ते मला माहीत असतं, पहिल्या ओळीत कोण बसलंय तेही. आणि मागे, मंडपाच्या कडेला, वाढ्याचे भारे टाकून कोयतेवाले नवराबायको पोरं घेऊन उभे असतात. प्रारब्धाचं निरूपण मला चांगलं येतं. पण ज्याने दिवसभर मोळ्या वाहिल्या त्याच्यापुढे मी प्रारब्ध काढत नाही. व्हिएरांनी गुऱ्हाळावर जे केलं तेच ते होईल : त्याच्या हालांना देवाचं नाव देऊन पहिल्या ओळीला मोकळं करणं. 'जे का रंजले गांजले' घेतलं तर मी पुढच्या ओळीकडे बघून बोलते. उचल फिटेपर्यंत बाईला बाळंतपणालाही कोपीतून जाता येत नाही, हे नावागावाशिवाय सांगते. एका ठिकाणी पुढच्या वर्षी बोलावणं आलं नाही. दुसऱ्या ठिकाणी एका बागायतदाराने कीर्तनानंतर कोप्यांपर्यंत पाण्याची पाइपलाइन ओढून दिली. व्हिएरांचं मारान्याव डोळ्यांपुढे ठेवते तेव्हा बोलायला बळ येतं, आणि त्यांचं साल्वादोर आठवते तेव्हा कुठे थांबायचं नाही ते कळतं.

तुम्ही ज्या फडांबद्दल लिहिलंत तिथे या हंगामात कीर्तन ठेवणार असाल तर कळवा. मात्र कोयतेवाल्यांना मंडपात बसायला जागा हवी, कडेला नको.

प्रश्न : देवळातल्या कीर्तनात ख्रिस्ती पाद्र्याचा दृष्टांत चालेल का? (कीर्तनकार, कराड)

चालतो. अट एवढीच, की त्यांचं नाव, गाव आणि धर्म स्पष्ट सांगून घ्यावा. 'एका संताने म्हटलंय' असं म्हणून उचलू नये. ख्रिस्ताच्या जागी विठ्ठल घालून तर मुळीच सांगू नये; ते त्यांच्यावर आणि विठ्ठलावर, दोघांवरही अन्याय करणारं होईल.

सुरुवात चार डोळ्यांच्या माशापासून करा. साओ लुईसच्या प्रवचनातच तो आहे. हा मासा पाण्याच्या पृष्ठभागाशी तरंगतो. वरचे दोन डोळे आकाशातल्या पक्ष्यांवर, खालचे दोन पाण्यातल्या मोठ्या माशांवर. शत्रू वरूनही येतो, खालूनही. व्हिएरा म्हणतात, मला हा मासा शिकवतो की नजर एकतर वर स्वर्गाकडे ठेवावी, नाहीतर खाली नरकाकडे. हरिपुरात मी हा सांगितला तेव्हा कीर्तनानंतर पहिला प्रश्न हाच आला, की असा मासा असतो का. असतो. ब्राझीलच्या त्या उत्तर किनाऱ्यावर आजही मिळतो. डोळे खरे दोनच, पण प्रत्येक डोळा आडव्या पट्टीने दुभागलेला. वरच्या भागाने हवेतलं दिसतं, खालच्या भागाने पाण्यातलं. हे आधीच सांगून टाका, म्हणजे लोक माशात अडकून पडणार नाहीत आणि तुम्हाला अभंगाकडे परत येता येईल.